१९५० च्या दशकातल्या अमेरिकन हायस्कूलमधला कमर्शियल कोर्स, शॉर्टहँड आणि दोन वर्षांचं स्पॅनिश

प्रश्न असा विचारलाय: सासूबाई अमेरिकन, ओहायोतल्या एका छोट्या गावातून १९५६ ला हायस्कूल पास झाल्या. इयरबुकमध्ये, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटोंच्या पुस्तकात, त्यांच्या फोटोखाली कमर्शियल कोर्स, एफबीएलए (विद्यार्थ्यांची बिझनेस संघटना), ओजीए पिन (शॉर्टहँडच्या नेटक्या अक्षराची) आणि स्पॅनिश दोन वर्षं असं छापलंय. तर हे बिझनेस शिक्षण म्हणजे आपल्या कॉमर्ससारखं होतं का, दोन वर्षं स्पॅनिश शिकून त्यांना आज एक वाक्य धड का बोलता येत नाही, आणि माळ्यावर सापडलेली शॉर्टहँडची (लघुलिपीची) वही कुणाकडून वाचून घेता येईल का. तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात, दादरला टायपिंग क्लासमध्ये पिटमन शॉर्टहँड शिकले, लग्नानंतर न्यू जर्सीला आले आणि इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये टायपिंग, बुककीपिंग, शॉर्टहँड शिकवलं, शॉर्टहँड बंद झाल्यावर कीबोर्डिंग आणि अकाउंटिंग. ज्या बायकांनी मला या कामात तयार केलं त्या सगळ्या १९५० च्या दशकात शिक्षिका म्हणून लागलेल्या, त्यामुळे तुमच्या सासूबाईंचा काळ मी स्टाफरूममध्ये बसून भरपूर ऐकलाय, आणि त्यांची मशीनं, पुस्तकं तर मी स्वतः वापरली आहेत.

आधी कॉमर्सचं. आपल्याकडे अकरावी-बारावी कॉमर्स म्हणजे पुढे बीकॉम, सीए, बँकेच्या परीक्षा. तिकडचा कमर्शियल कोर्स बरोबर उलट होता, तो कॉलेजला न जाणाऱ्यांसाठी होता. जून महिन्यात शाळा संपली की सोमवारी ऑफिसात कामाला बसता आलं पाहिजे, इतका सरळ हिशोब. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि डिप्लोमासाठी बऱ्याच ठिकाणी १६ युनिट लागायची, एक युनिट म्हणजे एक विषय रोज एक तास असा वर्षभर. इंग्रजी, इतिहास, थोडं गणित-सायन्स सगळ्यांना सारखं, उरलेली युनिट कुठे जाणार ते तुमच्या ट्रॅकवर. कॉलेज प्रेप वाल्यांची, म्हणजे कॉलेजच्या तयारीत असणाऱ्यांची, लॅटिन किंवा फ्रेंच, अल्जिब्रा, केमिस्ट्रीत. कमर्शियल वाल्यांची टायपिंग दोन वर्षं, शॉर्टहँड दोन वर्षं, बुककीपिंग, बिझनेस अरिथमेटिक, ऑफिस प्रॅक्टिस, कुठे कुठे बिझनेस लॉ आणि सेल्समनशिप. आणि काही शाळांत बारावीला को-ऑप असायचं, सकाळी शाळा आणि दुपारी गावातल्याच एखाद्या विमा कंपनीत किंवा बँकेत पगारी काम.

टायपिंगच्या खोलीत तीस-पस्तीस मशीनं, रॉयल, अंडरवूड, रेमिंग्टन, भिंतीवर कीबोर्डचा मोठा तक्ता, आणि पुष्कळ ठिकाणी मशीनच्या कीजवर अक्षरंच नसायची म्हणजे मान खाली घालून काही उपयोगच नाही. सुरुवातीला रेकॉर्डवर संचलनाची (मार्चिंगची) धून लावून तालात टाइप करायला लावायचे. स्पीड मोजायची रीत आपल्या क्लाससारखीच, पाच ठोके म्हणजे एक शब्द, चुका वजा. पण नुसता स्पीड म्हणजे टायपिंग नाही हे आज कॉम्प्युटरवर वाढलेल्या मुलांना समजावणं फार अवघड जातं, म्हणून एक उदाहरण देते. कागदाच्या मधोमध हेडिंग टाकायचंय. आज एक बटण दाबलं की झालं. तेव्हा साडेआठ इंच रुंद कागद, पायका टाइप असेल तर इंचाला १० अक्षरं म्हणजे आडवी ८५ आणि एलिट असेल तर इंचाला १२ म्हणजे १०२. कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, मध्यावर आणायचं आणि हेडिंग मनात म्हणत दर दोन अक्षरांना एकदा बॅकस्पेस दाबायची, मधली मोकळी जागाही मोजायची, जिथे थांबाल तिथून टायपिंग सुरू. उभ्या बाजूला इंचाला सहा ओळी, म्हणजे अकरा इंची कागदावर ६६, पत्र किती ओळींचं आहे ते मोजून वरून किती सोडायच्या ते आधीच ठरवायचं. हे सगळं पंधरा-सोळा वर्षांच्या मुली पेन न उचलता मनातल्या मनात करायच्या. त्यात तीन कार्बन कॉपी असतील आणि शेवटून दुसऱ्या ओळीत चूक झाली तर प्रत्येक कार्बनच्या मागे कागदाचा कपटा सरकवून एकेक प्रत वेगळी खोडायची, नाहीतर खालच्या प्रतीवर काळा डाग. ऑफिसात असं डागाचं पत्र साहेबांच्या सहीला गेलं की परत यायचं, आणि शाळेतही परतच यायचं.

ऑफिस प्रॅक्टिसला पाळीपाळीने मशीनं फिरायची. कॉम्पटोमीटर (बटणांचं हिशोबाचं मशीन), टेन-की अ‍ॅडिंग मशीन, डिक्टाफोन (साहेबांचं बोलणं रेकॉर्ड करणारं मशीन), फायलिंगचे सराव, आणि आपल्याकडे ज्याला सायक्लोस्टाइल म्हणायचे ते मिमिओग्राफ, शिवाय ते जांभळ्या शाईचं डिटो मशीन ज्याचा ताजा कागद मुलं आधी नाकाला लावायची. बुककीपिंगला वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिस सेट मिळायचा, मोठ्या पाकिटात एका काल्पनिक दुकानाची बिलं, चेक, पावत्या, आणि त्यातून जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्सपर्यंत सगळं एकटीने जुळवायचं. मीही हे सेट वापरलेत आणि आजही सांगते, डेबिट-क्रेडिट शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

आता शॉर्टहँड. अमेरिकेत ग्रेग चालायचं, पिटमन फार पूर्वीच मागे पडलं होतं. जॉन रॉबर्ट ग्रेग नावाच्या आयरिश माणसाने १८८८ ला लिव्हरपूलमध्ये आपली पद्धत छापली आणि काही वर्षांत तो अमेरिकेला आला, तिथे ती सगळीकडे पसरली. मी पिटमनवाली, मला इथे नोकरीसाठी ग्रेग नव्याने शिकावं लागलं म्हणून दोन्हीतला फरक हातालाच माहितीये. पिटमनमध्ये प आणि ब चा स्ट्रोक एकच, पातळ काढला की प, जाड काढला की ब, त्यासाठी नीब किंवा पेन्सिल हवी, आणि स्वर ठिपक्या-रेघांनी बाजूला द्यायचे जे घाईत गाळलेच जातात. ग्रेगमध्ये जाड-पातळ नाहीच, लांबीवर सगळं. छोटी आडवी रेघ न, तीच लांब केली की म. वर जाणारी छोटी तिरपी रेघ ट, लांब केली की ड. स्वर ओळीतच येतात, मोठं वर्तुळ, छोटं वर्तुळ, हुक. उच्चार होत नाही ते अक्षर लिहायचंच नाही. हात वळणदार अक्षरासारखा सलग पळतो आणि साधं बॉलपेन चालतं. वही मधोमध उभी रेघ असलेली स्टेनो पॅड, अरुंद रकान्यामुळे हात आडवा फार सरकत नाही.

परीक्षा कशी तर पाच मिनिटं डिक्टेशन, ६०, ८०, १००, १२० अशा चढत्या स्पीडला, मग ते टाइपरायटरवर उतरवायचं आणि ९५ टक्के बरोबर आलं तर पास. ओजीए पिन म्हणजे ऑर्डर ऑफ ग्रेग आर्टिस्ट्स, शॉर्टहँडचं अक्षर किती नेटकं आणि प्रमाणबद्ध आहे याची ती ओळख, मुलींचे नमुने तपासायला न्यूयॉर्कला जायचे. सासूबाईंना ती मिळाली होती म्हणजे त्यांचा हात खरंच चांगला होता, हे त्यांना आवर्जून सांगा. एफबीएलए म्हणजे फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका, कोलंबिया टीचर्स कॉलेजचे हॅम्डन फोर्कनर यांची कल्पना, पहिली शाखा १९४२ ला टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत सुरू झाली.

आता मी जे इतकी वर्षं म्हणत आलेय ते. त्या काळातल्या अमेरिकन हायस्कूलमध्ये सगळ्यात नीट शिकवली गेलेली भाषा कोणती असेल तर ती शॉर्टहँड. हे मी मनापासून म्हणतेय. नवी लिपी, नवे नियम, ऐकून लिहायचं, लिहिलेलं परत वाचायचं, आणि दोन वर्षांत साधारण मुलगी मिनिटाला ८०-१०० शब्द घ्यायला लागायची. का जमायचं? रोज सराव व्हायचा, शाळेत आणि घरीही. प्रगती आकड्यात दिसायची. शिकवणारी बाई स्वतः ते काम करून आलेली असायची. आणि पलीकडे नोकरी वाट पाहत होती. स्पॅनिशच्या वर्गात यातलं एकही नव्हतं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

त्याआधी परकी भाषांची गोष्ट थोडी मागून घ्यावी लागेल. १९१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पब्लिक हायस्कूलची जवळजवळ एक चतुर्थांश मुलं जर्मन शिकत होती. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी लाट आली, राज्याराज्यांत कायदे झाले, आणि १९२२ पर्यंत हा आकडा एक टक्क्याच्याही खाली गेला. नेब्रास्कात तर आठवी पास व्हायच्या आत मुलांना कुठलीही आधुनिक परकी भाषा शिकवणं गुन्हा ठरवला, रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाला त्यासाठी दंड झाला, आणि सुप्रीम कोर्टाने १९२३ ला तो कायदा रद्द केला. पण वर्ग परत भरले नाहीत. मग १९२९ ला परकी भाषांच्या शिक्षणावरचा कोलमन रिपोर्ट आला, त्याचं म्हणणं होतं की बहुतेक मुलं दोनच वर्षं भाषा घेतात, तेवढ्यात बोलणं काही येत नाही, तर निदान वाचता तरी येऊ दे. म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं वर्गात जे चाललं त्यात बोलणं हे ध्येयच नव्हतं. धडा वाचा, शब्दार्थ पाठ करा, क्रियापदांची रूपं म्हणा, भाषांतर लिहा. सासूबाईंना बोलता येत नाही यात त्यांचा काही दोष नाही, त्यांना बोलायला कुणी शिकवलंच नाही.

स्पॅनिशच का? जर्मनची जागा रिकामी झाली आणि पनामा कालवा १९१४ ला उघडल्यावर दक्षिण अमेरिकेशी व्यापार वाढणार असं सगळे बोलत होते, म्हणून स्पॅनिश ही धंद्याच्या कामाची भाषा म्हणून आत आली, पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या गुड नेबर, म्हणजे लॅटिन अमेरिकेशी मैत्रीच्या, धोरणाने तिला अजून जोर मिळाला. व्यापारी पत्रव्यवहाराचं स्पॅनिश शिकवणारे वर्गही होते, ग्रेग शॉर्टहँडची स्पॅनिश आवृत्तीसुद्धा होती. न्यूयॉर्क किंवा न्यू ऑर्लीन्सला दोन भाषा येणाऱ्या सेक्रेटरीला मागणी होती हे खरं, पण ओहायोच्या गावात स्पॅनिश बोलणार कुणाशी. आणि सासूबाईंच्या शाळेत ती होती हेच नशीब समजा, १९५० च्या दशकाच्या मध्याला देशातल्या निम्म्याहून जास्त पब्लिक हायस्कूलमध्ये एकही आधुनिक परकी भाषा शिकवली जात नव्हती, बहुतेक छोट्या शाळा.

मग १९५७ चा ऑक्टोबर, रशियाने स्पुतनिक हा उपग्रह सोडला आणि अमेरिकेला आपण मागे पडलो अशी धास्ती वाटली. पुढच्या वर्षी, २ सप्टेंबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्टवर सही केली आणि सायन्स, गणिताबरोबर आधुनिक परकी भाषांसाठी केंद्राचा पैसा आला. साहित्य-सामग्रीसाठी निम्मा पैसा केंद्राचा आणि निम्मा राज्य किंवा शाळेचा. शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरं. लॅटिनला यात जागा नव्हती. आणि ज्या विषयांवर हजारो मुलींच्या नोकऱ्या चालत होत्या त्या टायपिंग-शॉर्टहँडलाही नव्हती.

यावर माझ्या सीनियर बायका फार तळमळून बोलायच्या आणि मला ते पटतं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारखान्याची कामं आणि गृहविज्ञानाला केंद्राचा पैसा दिला, ऑफिसच्या विषयांना नाही. १९३६ ला दुकानदारी-विक्रीच्या शिक्षणाला मिळाला, ऑफिसला तरी नाहीच. १९६३ च्या डिसेंबरात व्होकेशनल एज्युकेशन अ‍ॅक्ट आला तेव्हा कुठे ऑफिसचं शिक्षण त्यात बसलं. म्हणजे तुमच्या सासूबाई ज्या मशीनवर शिकल्या ती त्यांच्या गावच्या लोकांनी घरपट्टीतून घेऊन दिलेली होती. तेव्हा नोकरी करणाऱ्या बायकांचा सगळ्यात मोठा गट ऑफिसात कारकुनी कामावर होता, तरी हे घडलं.

भाषांकडे आलेल्या पैशाचं काय झालं? मोठा भाग लँग्वेज लॅबमध्ये गेला. १९५८ ला मोजक्या हायस्कूलमध्ये लॅब होत्या, पाच-सहा वर्षांत हजारो. प्रत्येक मुलाला आडोसा असलेलं बूथ, कानावर हेडफोन, टेपरेकॉर्डर, आणि समोर शिक्षकाचा स्विचबोर्ड ज्यावरून कुणाचंही बोलणं ऐकता येई. पद्धतीचं नाव ऑडिओ-लिंग्वल. आधी संवाद पाठ, मग ड्रिल. टेपवर बाई म्हणणार तेन्गो उन लिब्रो, म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. मग नुसता शब्द येणार, लापिस, पेन्सिल. मुलाने लगेच म्हणायचं तेन्गो उन लापिस. मग येणार नोसोत्रोस, आम्ही, की तेनेमोस उन लापिस. असं अर्धा तास. व्याकरण समजावायचं नाही, सवय लागली पाहिजे, चूक व्हायच्या आत बरोबर उत्तर कानात पडलं पाहिजे. कनेक्टिकटमधल्या ग्लास्टनबरीच्या शाळांत या पद्धतीचं साहित्य तयार झालं आणि तिथून देशभर गेलं.

या पद्धतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्याच्या भाषा-प्रशिक्षणात आहे. तिथे निकाल उत्तम लागले होते. पण सैन्यात छोटे गट, ती भाषा जन्मापासून बोलणारा माणूस समोर, आणि आठवड्याला कितीतरी तास तेच. शाळांनी त्यातला ड्रिल घेतला, टेप घेतली, तास मात्र घेतले नाहीत. रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचा एक तास, त्यातही लॅब आठवड्यातून एक-दोनदा. १९६३ ला कोलंबिया विद्यापीठातल्या रेमंड कीटिंग यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून सांगितलं की लॅब वापरणारी मुलं बहुतेक बाबतीत पुढे नाहीत, त्यावर खूप वाद झाला. मग पेनसिल्वेनियात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बराच मोठा प्रयोग झाला, त्यातही आठवड्यातून दोनदा लॅबला नेल्याने फरक पडलेला दिसला नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेची जुनी लॅब स्टोअररूम झाली होती, बूथमध्ये खुर्च्या रचून ठेवलेल्या.

तरी १९५८ च्या त्या कायद्याला मी वाईट म्हणणार नाही. आधुनिक भाषा घेणारी हायस्कूलची मुलं १९४८ ला सुमारे १४ टक्के होती ती १९६८ पर्यंत २७-२८ टक्क्यांवर गेली. आणि त्याच कायद्याने विद्यापीठांतून ज्या भाषा महत्त्वाच्या म्हणून धरल्या त्यात हिंदी-उर्दू होती, त्या पैशातून दक्षिण आशियाची केंद्रं वाढली, आणि पेनसिल्वेनिया, शिकागोसारख्या ठिकाणी मराठी शिकायची सोय झाली. आपल्या भाषेवर मनापासून काम केलेले अमेरिकन अभ्यासक त्या पिढीत निघाले ते काही योगायोगाने नाही.

एक गोष्ट मात्र इयरबुकात दिसणार नाही आणि ती सांगायलाच हवी. कोण कुठल्या ट्रॅकला जाणार हे चौदाव्या वर्षी काउन्सेलरच्या टेबलावर ठरायचं, आणि तिथे मार्कांइतकंच घर बघितलं जायचं. मुलगी, वडील कारखान्यात, म्हणजे कमर्शियल. काळ्या मुली तोच कोर्स तितक्याच चांगल्या मार्कांनी पास व्हायच्या आणि १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याच्या आधी शहरातली कितीतरी ऑफिसं त्यांना दारात उभं करत नव्हती, म्हणजे शॉर्टहँड १०० च्या स्पीडला आणि नोकरी धुणीभांड्याची. भाषांचंही तेच. टेक्ससमध्ये गोऱ्या मुलांना स्पॅनिश हा विषय, त्याचे मार्क, त्याचा क्लब, आणि त्याच शाळेत मेक्सिकन घरातल्या मुलाने मैदानात स्पॅनिश बोललं तर शिक्षा. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कूलमधून हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्ग सोडून बाहेर पडली, लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कॅस्ट्रो त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या तक्रारी काय होत्या बघा, आम्हाला कॉलेजच्या वाटेवरून ढकलून हातकामाच्या वर्गात बसवता, आणि आमची भाषा शाळेत चालू देत नाही. त्याच वर्षी द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा आला. मी कमर्शियल ट्रॅकचं कौतुक करते ते तिथे काय शिकवलं त्याचं. त्या वर्गात कुणाला बसवलं आणि कुणाला विचारलंही नाही, याचं कौतुक मी करू शकत नाही.

आता वही. १९५६ ला पास झालेल्या मुलीने बहुधा ग्रेग सिम्प्लिफाइड शिकलेलं असणार, ही आवृत्ती १९४९ ची. त्याआधीची अ‍ॅनिव्हर्सरी १९२९ ची, तिच्यात संक्षेप फार, आणि डायमंड ज्युबिली १९६३ ची, ती अजून सोपी केलेली. तेव्हा जुनं पुस्तक मागवणार असाल तर सिम्प्लिफाइडचंच मागवा. पण त्याच्याआधी वही सासूबाईंच्याच हातात द्या. ग्रेग शिकलेला दुसरा माणूस छापील नमुना वाचू शकतो, दुसऱ्याच्या घाईतल्या नोट्स वाचताना मात्र अडकतो, कारण दोन-तीन वर्षांत प्रत्येकीचे स्वतःचे शॉर्टकट तयार होतात आणि ट व ड, न व म यांच्या लांबीतला फरक ज्याचा त्यालाच कळतो. पहिल्या पानापासून सुरू करू नका, मधलं एखादं पान द्या ज्यात डियर सर आणि युअर्स ट्रूली सारखे ठरलेले आकार पत्राच्या सुरुवातीला-शेवटी दिसतील, त्यावरून डोळा परत बसतो. मोठ्याने वाचू द्या आणि फोनवर रेकॉर्ड करा, मध्येच थांबल्या तर शब्द सुचवू नका, पुढची ओळ वाचू द्या, मागचं आपोआप लागतं. शाळेतल्या डिक्टेशनची पानं असतील तर समासात स्पीडचे आकडे असतील, ६०, ८० वगैरे. आकडे नसलेली पानं असतील तर ती बहुधा त्यांची स्वतःची आहेत, तिथे वाचायला लावायच्या आधी त्यांना विचारा.